प्रज्ञाची पांढरी चकती

त्या मार्गशीर्षात, रिठदच्या आमच्या अंगणात, चिमट्यात धरलेली एक शुभ्र चकती माझ्या भाचीने, प्रज्ञाने, कोवळ्या उन्हासमोर धरली, आणि तिच्यातून गाळलेला उजेड तिच्या चेहऱ्यावर उतरला. धुक्याला वजन असते तर ते एवढेच असते.

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत सुईच्या टोकाशी थबकलेला पॉलिमरचा थेंब विजेच्या ओढीने केसाहून कितीतरी सूक्ष्म तंतू होऊन झेपावतो, आणि तंतूंवर तंतू साचून अशी जाळी होते. तिच्या आधाराने पेशींनी नवी त्वचा धरावी आणि मग जाळीने मुकाट विरून जावे, हेच तिचे प्रयोजन. हवेत ओल आली की तंतूंवर मणी धरतात आणि जाळी बिघडते. म्हणून श्रावणात शेतांना हिरवे भरते येई, तेव्हा प्रज्ञाच्या मुद्रेवर अवर्षण असे.

तिची आई, माझी थोरली बहीण, शाळेत खिचडी शिजवी. उकळते पातेले पायावर कलंडले आणि मधुमेहाने ती जखम मिटू दिली नाही. चकती पाहून ताई हसली होती, "इतकी शिकली, अन् कोळ्याचंच काम करून राह्यली काय वं?"

विळा लागला की भिंतीवरचे कोळिष्टक जखमेवर दाबायचे, ही आमच्याकडची जुनी रीत. दुसऱ्या सकाळी पाहिले, तर ताईने ती चकती आपल्या नडगीवरच्या जखमेवर दाबून बसवलेली होती.

"माय, हे अजून मानसासाठी नाई," प्रज्ञा कशीबशी म्हणाली.

"माह्यासाठीच बनवून राह्यली होती नं तू?"

उकळून निववलेल्या पाण्याने प्रज्ञाने जाळीचा कण न् कण सोडवला. पुढे ताईला ताप चढला, आणि माघ सरता सरता ती गेली. ताप त्या चकतीचा की जुन्याच जखमेचा, हे डॉक्टरांनाही सांगता आले नाही. त्या अनिश्चिततेत प्रज्ञा आजही राहते.

काम तिने सोडले नाही. सुट्टीत येते ती रिकाम्या हातांनी. पण अंगणात ऊन आले की अंगठा आणि तर्जनी आपोआप जुळतात, हात उजेडाकडे उचलला जातो, आणि चिमटीत काहीच नसते. जाळीने विरावे आणि त्वचा उरावी, हा तिच्या विद्येचा नियम. आमच्या घरी काळाने त्वचा तेवढी नेली, आणि संशयाची जाळी अजून विरत नाही.