अण्णांचा लसूण

"आई, आत ये! परत स्नो पडणारे, रेडिओवर सांगितलंय," प्रताप दारातून ओरडला.

"पडू दे. तुझ्या का टकुऱ्यावर पडतोय?" वाफ्यावरचा पेंढा सारत हौसाबाई म्हणाली.

शहाऐंशी सालचा एप्रिल सरत आला, तरी मिनेसोटातली ती जमीन वरून चिखल अन् खालून दगड. ऑक्टोबरात याच वाफ्यात तिच्या म्हाताऱ्यानं, श्रीरंगअण्णांनी, गावाकडनं धोतरात बांधून आणलेला लसूण टोकला होता. एकेक पाकळी मातीत खोचायची अन् तोंडानं हरिनाम, जसं काही कीर्तनालाच उभे. शेजारची डोरोथी बजावून गेली होती, "इथं इथलाच लसूण तगतो." अण्णा नुसते हसले. अन् जानेवारीत गेले. बापाला अग्नी देऊन आलेला प्रताप दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेला. डोळ्यांतून टिपूस नाही. हौसाबाईला त्याचाच घोर लागला होता.

कुंपणापल्याड डोरोथीच्या रूबार्बचे, त्या आंबट देठांच्या भाजीचे, लाल कोंब बर्फाला न जुमानता वर आलेले. इकडं हौसाबाईनं बोट घालावं तिथं पाकळीचं पाणी झालेलं. विठ्ठला, एक तरी ठेवायची होतीस रे!

वाफ्याच्या कडेला मात्र हिरवी पात दिसली. तिनं शेंडा खुडला, चुरला, नाकाला लावला. वासच नाही. आधीच्या घरमालकानं लावलेलं फुलझाड ते. तसलंच डोरोथीच्या दाराशीही उगवलं होतं.

तेवढ्यात प्रताप तिचा कोट घेऊन आला अन् जागीच थबकला. ऑफिसच्या बुटांनिशी चिखलात बसला.

"आई... हा अण्णांचा? ओ गॉड, आला की गं!"

अन् पोरगं हुंदके देऊन रडायला लागलं. हौसाबाईनं त्याचं डोकं पोटाशी धरलं. खरं सांगायला उघडलेलं तोंड तिनं तसंच मिटलं.

"एक पात दे ना," डोळे पुसत तो म्हणाला. "कांचनला चटणी करायला सांगतो."

"खायाचं नाव काढू नगंस! येवढाच वाचलाय. यंदा बी धरायचं."

"बरं," प्रताप लहानपणीसारखा म्हणाला अन् बायकोला हाका मारत आत पळाला.

बर्फ भुरभुरू लागला. हौसाबाईनं पेंढ्याची कवळ उचलून त्या फुलझाडावर नीट पांघरली.

"खोटं बोलले, देवा. पदरात घे."

मग बोटं पुन्हा एकदा नाकाशी नेली. नुसती माती.