आजचा दिवस मागे

बस डेपोच्या फुटबॉल संघात टायरवाला आयुष्यभर मागे, बचावातच खेळला. पहिल्या सामन्याला बचावाचा गडी तापानं पडला होता, म्हणून संघ निवडणारे फोरमन म्हणाले होते, "आजचा दिवस मागे उभा राहा." तो दिवस अठरा वर्षं मावळला नाही.

त्याच्या निरोपाच्या सामन्यात मात्र फोरमननी त्याला गंमत म्हणून पुढे धाडलं आणि चाळिशीच्या या गड्यानं गुडघ्याला पट्टा बांधून तीन गोल ठोकले.

"मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं रे," फोरमन हसत म्हणाले. "पण पुढे जायला सगळेच टपलेले. मागे मुकाट राबणारा तू एकटा. तुला हलवून मी काय पायावर धोंडा पाडून घेऊ?"

टायरवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तोंड उघडायची सवयच नव्हती.

पुढच्या हंगामात फोरमन निवृत्त झाले आणि संघ टायरवाल्याच्या हाती आला. सरावात एका नव्या कंडक्टरनं तिघांना लीलया चकवून गोल मारला, तेव्हा टायरवाल्याला स्वतःचेच जुने पाय दिसले.

सामन्याच्या दिवशी बचावाचा गडी आला नाही. मागे कोण खेळणार म्हटल्यावर प्रत्येकाची सबब तयार. कंडक्टर तेवढा नाड्या बांधत गप्प बसला होता.

"आजचा दिवस मागे उभा राहा," टायरवाला त्याला म्हणाला.

कंडक्टरनं मुकाट मान हलवली आणि टायरवाल्याला, खोटं कशाला बोला, हायसं वाटलं.