आधी गारठा, मग पंप

मित्रांनो, मी एक जुनी शीतटाकी आहे. प्रयोगशाळेच्या बोळात फरशी पुसण्याच्या बादलीशेजारी उभी आहे, म्हणून मला भंगार समजू नका. जिच्यापुढे भल्याभल्यांनी श्वास रोखून धरले, ती मीच.

पोटात द्रवरूप हेलियम घेऊन मी कडक गारठा राखत असे. माझ्याकडे येणाऱ्या स्फटिकांतील प्रत्येक रेणू म्हणजे स्वतंत्र चुंबक. तोंड वर, नाहीतर खाली. बाजू बदलायची तर मध्ये ऊर्जेचा डोंगर, आणि माझ्या गारठ्यात तो चढण्याचे बळ कोणातही नसे. तरीही चुंबकी क्षेत्राच्या ठरावीक मूल्यांवर काही रेणू डोंगर न चढता आरपार पलीकडे जात. यालाच क्वांटम टनेलिंग म्हणतात. तेव्हा चुंबकत्वाच्या आलेखात पायरी पडे. पण शेजारशेजारचे चुंबक एकमेकांना ओढत आणि पायऱ्या पुसट होत.

त्यावर तोड मावशींनी काढली. त्या रसायनतज्ज्ञ; आलेख काढणारी संशोधक त्यांची सख्खी भाची. चुंबकी रेणू विरळ पेरलेला एकुलता एक स्फटिक मावशींनी वाढवला आणि अंथरूण धरले.

“आधी गारठव, मग हवा काढ,” त्या फोनवर बजावत. “त्याच्या अंगात ओल आहे गं. ओल्या बाळंतिणीला कोणी वाऱ्यावर बसवतं का?”

“हो गं बाई, पाठ झालंय!”

मावशी आता थोड्या दिवसांच्या सोबती होत्या. त्यांना पायऱ्या दाखवायच्या, या एकाच ओढीने भाचीने स्फटिक माझ्या पोटात ठेवला आणि गारठा चढण्यापूर्वीच हवा काढणारा पंप सुरू केला. स्फटिकातली न गोठलेली ओल उडाली. तो आतून तडकला. मला कळले, पण मला वाचा नव्हती. गारठा चढल्यावर आलेखाची रेघ एकाही पायरीविना घसरत गेली.

तेवढ्यात फोन वाजला.

“पायऱ्या दिसल्या का गं?”

“दिसल्या, मावशी. अगदी ठळक.”



“खोटं बोलताना तुझा आवाज बारीक होतो. लहानपणापासून.” मग हळूच, “आधी पंप लावलास ना?”

भाचीने माझ्या थंड अंगावर कपाळ टेकले.

मावशी त्याच आठवड्यात गेल्या. तसा स्फटिक पुन्हा कोणालाही साधला नाही. भाचीने प्रयोगशाळा सोडली आणि मी बोळात आले.

मित्रांनो, जे नाजूक आहे त्याला आपल्या घाईला जुंपू नका. प्रेमापोटी केलेली घाईसुद्धा घाईच असते. माझ्या तळाशी त्या स्फटिकाची पांढरी भुकटी अजून आहे. मला भंगारात द्याल तेव्हा द्या. पण आधी ती हलक्या हाताने काढून घ्या.