छातीएवढं पाणी

भिंगरीचा आठवा वाढदिवस स्विमिंग पूलवर करायचा, हे घरात ठरलं तेव्हा तिचा बाप शिडीवर चढून पंखा उतरवत होता. मायलेकींनी खालूनच विचारलं आणि त्याने खाली न बघताच 'हो' म्हटलं. आपण काय बोलून बसलो ते त्याच्या मग ध्यानात आलं.

धंद्याने तो लिफ्ट दुरुस्त करणारा. बाराव्या मजल्यावर, लिफ्टच्या रिकाम्या बोगद्यात, कमरेच्या पट्ट्याला लटकून तो शिट्टी वाजवत काम करायचा. भीती कशाशी खातात ते याला ठाऊक नाही, असं सोबतचे लोक म्हणायचे. पण पाणी गुडघ्याच्या वर आलं की या गड्याचे हातपाय गार पडायचे. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. पूलमधल्या औषधाने अंगाला खाज सुटते, अशी थाप त्याने बायकोला मारून ठेवली होती. दोन वर्षं भिंगरीला पोहायला तीच न्यायची.

त्या शनिवारी मात्र तिची दवाखान्यात सकाळची पाळी होती, आणि पूलचा मॅनेजर जागा दाखवायला तेवढ्याच दिवशी मोकळा होता.

"तासाभराचं तर काम," बायको म्हणाली. "जागा बघायची, मुलं किती ते सांगायचं, वेळ पक्की करायची. पाण्यात कोण उतरवतंय तुला?"

सोबतीला त्याची मोठी बहीण आली. कार्यक्रम म्हटला की ताईच्या अंगात वारं शिरायचं. तिचा सहा वर्षांचा गोटूही आला. पोहताना दंडाला बांधायचे नारिंगी फुगे त्याने घरूनच चढवले होते आणि बसमध्ये तो पंख पसरल्यासारखे हात धरून बसला होता.

पूल छताखाली होता. आत शिरताच औषधाचा उग्र वास नाकात गेला. पलीकडे खोल बाजूला कोचबाई मोठ्या बायकांचा वर्ग घेत होत्या आणि त्यांचा आवाज भिंतींवर आपटून चारी बाजूंनी परत येत होता. भिंगरी आणि गोटू उथळ पाण्यात उतरले. बाप भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"इथे टेबलं, इथे केक," मॅनेजर दाखवत होता.

"उथळ बाजूला खोली किती?" बापाने विचारलं.

"तीन फूट. पुढे उतार आहे, साडेचार होतं."

"उतार कुठून सुरू होतो? दोर बांधलेला दिसत नाही."

"बांधू की, लागला तर."

"आणि लक्ष कोण ठेवतं?"

"कोचबाई असतातच." मॅनेजर हसला. "साहेब, वाढदिवस आहे, लढाई नाही."

"अरे, लग्नाची बोलणी करतोयस का?" ताईही हसली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. केकवाला होता. "नाही हो, मासा नको, मासा किरकोळ दिसतो. देवमासा करा," असं म्हणत ती चार पावलं बाजूला गेली.

बापाने पाण्याकडे पाहिलं. भिंगरी पाठमोरी होती. नाक दाबून, पाण्याखाली डोकं घालून श्वास रोखायचा सराव करत होती. तिच्यापासून थोडं पुढे गोटू उभा होता. हनुवटी वर, तोंड उघडं, केस डोळ्यांवर आलेले. समोर नसलेल्या शिडीवर चढावं तसे त्याचे हात पाणी खाली दाबत होते. आवाज काहीच नव्हता. नारिंगी फुगे काठावर पडले होते.

बघणाऱ्याला वाटलं असतं, पोरगं खेळतंय. त्याला तसं वाटलं नाही. अकरा वर्षांचा असताना दगडाच्या खाणीत साचलेल्या पाण्यात तो असाच उभा होता. काठावर चार मित्र खिदळत होते आणि त्याच्या तोंडून हाक फुटत नव्हती. चुलतभावाने केस धरून ओढलं म्हणून वाचला.

आता काठावर उभं राहूनही त्याची हाक फुटेना. 'ताई' म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण घशातून नुसती हवा आली. पाच पावलांवर ताई देवमाशाच्या शेपटीबद्दल बोलत होती. गोटूचं तोंड पाण्याखाली गेलं.

तो पाण्यात कधी पडला हे त्याला नंतर आठवलं नाही. बुटांसकट पडला. गार पाणी छातीला लागलं आणि श्वास अडकला. उतारावर पाय घसरला, नाकातोंडात पाणी शिरलं, डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं. हाताला एक बारीक दंड लागला. त्याने तो धरला आणि वर उचलला. गोटू त्याच्या खांद्यावर दोनदा खोकला, मानेवर भडाभडा ओकला आणि मग टाहो फोडून रडू लागला.

ताईचा फोन फरशीवर आपटला. तिने गुडघ्यांवर बसून लेकाला काठावर ओढून घेतलं.

गोटू बाहेर गेला, पण बाप जागचा हलेना. पाय जणू पूलच्या तळाला चिकटले होते. हात अजून वरच होते. भिंगरी त्याच्याकडे डोळे विस्फारून पाहत होती. कोचबाई सपासप पोहत आल्या आणि त्याच्या समोर उभ्या राहिल्या.

"दादा, माझ्याकडे बघा. पाण्याकडे नको. डावा पाय उचला. शाब्बास. आता उजवा."

लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी तो स्वतः ज्या आवाजात बोलायचा, तोच हा आवाज होता. अकरा पावलांत त्यांनी त्याला शिडीपर्यंत आणलं.

पोरगं बरं दिसत असलं तरी दवाखान्यात न्याच, असा कोचबाईंनी हट्ट धरला. डॉक्टरांनी गोटूची छाती तपासली, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं आणि घरी सोडलं. येताना ताईने गोटूचा हात सोडला नाही.

त्या रात्री भिंगरीने ताट तसंच बाजूला सारलं.

"मला वाढदिवस नको."

खरं सांगायचं तर बापाला सुटल्यासारखं वाटलं. बरं झालं, मिटलं, असं तो मनात म्हणतो न म्हणतो तोच ती पुढे बोलली.

"फुगे काढ, असं मीच त्याला म्हटलं होतं. म्हटलं, ते बाळांचे असतात." तिने ताट आणखी लांब ढकललं. "मी आता पाण्यात जाणारच नाही. कधीच नाही."

त्याने तिचा हात हातात घेतला. बर्फासारखा होता. तो गारठा त्याच्या चांगलाच ओळखीचा होता.

"चूक झाली तुझी," तो म्हणाला. "पण लक्ष ठेवणं तुझं काम नव्हतं. ते आम्हा मोठ्यांचं होतं."

"तू पण घाबरलास. मी पाहिलं. तू हलतच नव्हतास."

"घाबरलो. मी पाण्याला घाबरतो. तुझ्यापेक्षा थोडा मोठा होतो तेव्हापासून."

बायको दारात उभी होती. "आणि ती खाज?"

"कधीच नव्हती," तो म्हणाला. बायको येऊन त्याच्या शेजारी बसली, तेव्हा कुठे त्याने खाणीची गोष्ट पहिल्यांदा, अडखळत, शेवटपर्यंत सांगितली.

दुसऱ्या दिवशी त्यानेच कोचबाईंना फोन लावला. वाढदिवस व्हायला हवा, असं सांगितलं. मग कागद-पेन्सिल घेऊन तो बसला. भिंगरी धरून बारा मुलं. एका वेळी सहाच पाण्यात. उताराच्या अलीकडे दोर. कोचबाईंनी त्या वेळात दुसरा वर्ग घ्यायचा नाही. मोठ्यांचे फोन एका पिशवीत. बाकी अकराही घरी त्याने फोन केला आणि पोराला पोहता येतं का ते विचारलं. एक बाप म्हणाला, "अहो, मासा आहे आमचा!"

"मासा असला तरी दोराच्या अलीकडेच राहील," याने सांगितलं.

वाढदिवसाच्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरला आणि दोराला धरून उभा राहिला. भिंगरी पायरीवर अडली. त्याने हात पुढे केला.

"तुझा हात थरथरतोय," ती म्हणाली.

"तुझाही."

ती उतरली.

त्यानंतरचा दीड तास तो नुसती डोकी मोजत होता. एक ते सहा, परत एक ते सहा. एकदा पाचच भरली. तोंडातून शब्द निघेना, त्याने पाण्यावर जोरात हात आपटला. तशा काठावरून कोचबाई ओरडल्या, "बाथरूमला गेलाय एक, मी पाठवलाय!" गोटू आईच्या मांडीवर टॉवेलात बसून राहिला. पाण्यात ये, असं त्याला कुणी म्हटलं नाही. ताई पाण्यावरून क्षणभरही नजर हटवत नव्हती.

शेवटचं पोर बाहेर पडलं, बारा टॉवेल भरले, तेव्हा तो शिडी चढून वर आला आणि ओल्या फरशीवरच बसला. केकचा तुकडा हातात होता, पण खाववत नव्हता.

भिंगरी, तोंडाला क्रीम माखलेली, त्याला येऊन चिकटली. "बाबा, पुढच्या वर्षी पण इथेच?"

"पुढच्या वर्षी," तो म्हणाला, "आपण पत्ते खेळू."