करमुक्त फंडाला कोड देणारा मी

तुम्ही तिला फसवलंत. तिच्या टेबलावर बसून, तिच्या हातची थालीपिठं खाऊन, गोड बोलून फसवलंत. तुमचं नाव मी घेत नाही. नाव घेतलं तर तुम्ही वकील पाठवाल, आणि कोर्टात उभं राहायला मला पाय नाहीत. पण तुमचं ऑफिस आम्स्टरडॅम स्लोटरडाइकच्या स्टेशनातून दिसतं. काचेचं आहे. त्या काचेआड आज दुसऱ्या कुणाला तरी तुम्ही तेच सांगत असाल, याची मला खात्री आहे.

मित्रांनो, मी एक जुना कार्ड रीडर आहे. हाताच्या पंजात मावेल एवढा, करड्या रंगाचा. माझ्या तोंडात बँकेचं कार्ड घालायचं, रबरी बटणांवर पिन दाबायचा, की माझ्या छोट्या पडद्यावर कोड येतो. तो कोड लॅपटॉपवर टाकला की पैसे जातात. मी 'हो' म्हटल्याशिवाय या घरातून एक सेंटही बाहेर जात नसे.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. माझी हजारो भावंडं एका सरकत्या पट्ट्यावरून पुढे जात होती. कुणी आमच्या पाठीत चपटे सेल बसवले, कुणी झाकणं लावली. प्रत्येकाला एकदा चालू करून बघितलं आणि खोक्यात भरलं. तिथून बोटीने नेदरलँड्स. मग एका सकाळी मी न्यूनेनमधल्या एका घराच्या दाराच्या फटीतून थेट पायपुसण्यावर पडलो.

मला उचललं ते सुनेत्राने. नवरा आशुतोष आइंडहोवनला चिपच्या यंत्रांवर काम करणारा इंजिनियर, मुलगी शलाका चार वर्षांची, आणि सुनेत्रा त्यांच्यासोबत आलेली. व्हिसावर तिची ओळख 'अवलंबून असलेली जोडीदार' अशी होती. नाशिकला ती दहा वर्षं दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये होती. स्वतःच्या पगारातून एक खोलीचा फ्लॅट घेतला होता. आणि इथे बाजारात गाजर घेतलं तरी कार्ड नवऱ्याच्या नावाचं!

सुरुवातीची वर्षं माझी मजेत गेली. घरभाडं, सायकल, शलाकाची शाळेची सहल, सगळं माझ्या हातून जायचं. आशुतोष म्हणायचा, "हा आपला कॅशियर. पगार मागत नाही आणि सुट्टीही घेत नाही." शलाका मला घेऊन आल्बर्ट हाइन या इथल्या किराणा दुकानाचा काउंटर मांडायची. बाहुलीला डचमध्ये विचारायची, पावती हवी का? माझी बटणं तिनेच झिजवली. मला ते आवडायचं.

मग सुनेत्राने नाशिकचा फ्लॅट विकला. कारण होतं तिचे वडील, गुरुनाथराव. एसटीतून निवृत्त झालेले, एकटे राहणारे, आणि गुडघ्यांपुढे पार हात टेकलेले. त्यांच्याकडे दिवसरात्र राहायला जयंतीबाई मिळाल्या होत्या. मायेच्या बाई, पण त्यांना महिन्याच्या महिन्याला पगार हवा होता, आणि तो हवाच. गुरुनाथरावांचं पेन्शन औषधांतच संपायचं. आशुतोष म्हणाला, "मी देतो ना." फोनवर गुरुनाथराव गरजले, "जावईबापूंच्या पैशावर मी जगणार नाही! तू कमवत असशील तर पाठव. नाही तर माझं मी बघीन."

म्हणून सुनेत्राला स्वतःचं उत्पन्न हवं होतं. डच येत नसल्याने तिच्याजोगी नोकरी मिळत नव्हती. थोडंसं, पण स्वतःच्या नावाचं आणि नियमित. फ्लॅटचे पैसे कुठेतरी गुंतवायचे आणि त्यावर जे येईल ते जयंतीबाईंना द्यायचं, एवढाच तिचा हिशेब होता.

आणि तिथे तुम्ही आलात.

दोन हजार वीसचा फेब्रुवारी होता. बाहेर बोचरं वारं, आत तव्यावर थालीपिठं. तुमचा माणूस सूट घालून आला. दिल्लीकडचा होता, हिंदीत बोलायचा. त्याने लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "भाभीजी, ये फंड खेमेंटे को कर्जा देता है." खेमेंटे म्हणजे इथली नगरपालिका. पवनचक्क्या, शाळांची छपरं, गावाला ऊब देणारे पाइप, असल्या हिरव्या कामांना हा फंड पैसा पुरवणार, आणि सरकार त्यावर बचतीचा कर लावणार नाही. दर तीन महिन्यांनी उत्पन्न. "टॅक्स-फ्री, भाभीजी! इससे अच्छा क्या होगा?"

टॅक्स-फ्री. करमुक्त. हा शब्द ऐकला की आपल्या माणसांचे डोळे कसे चमकतात ते मी समोरून पाहिलं आहे. सुनेत्राच्या वडिलांनी आयुष्यभर पोस्टात पैसे टाकले ते याच शब्दावर. पुढचं काही विचारायचं तिला सुचलंच नाही.

आशुतोषला मात्र सुचलं होतं. तो म्हणाला, "पण आम्हाला थर्टी पर्सेंट रूलिंग आहे. त्याचा याच्याशी काही..."

मित्रांनो, हे रूलिंग म्हणजे बाहेरून बोलावलेल्या इंजिनियरांना इथे काही वर्षं मिळणारी करसवलत. तुमच्या माणसाने आशुतोषचं वाक्य हाताने माशी हाकलावी तसं हाकललं. "अरे, वो तो सॅलरी का मामला है, भाईसाहब. ये अलग है." आणि चौथ्या थालीपिठावर लोणी घेतलं.

सुनेत्राने फ्लॅटच्या पैशांसाठी उघडलेल्या स्वतःच्या खात्याचं कार्ड माझ्या तोंडात घातलं. मी कोड दिला. पैसे गेले.

मार्चमध्ये जग बंद झालं. आशुतोष वरच्या खोलीतून ऑफिस करू लागला, शलाकाची शाळा जेवणाच्या टेबलावर भरू लागली. जूनमध्ये फंडाचे पहिले पैसे आले. सुनेत्राने रक्कम बघितली आणि म्हणाली, "एवढेच?" जयंतीबाईंचा अर्धा पगारही त्यात बसत नव्हता. बाकीचे तिने बँकेत ठेवलेल्या थोड्या शिलकीतून भरले. शरद ऋतूत निरोप आला की सध्याची परिस्थिती बघता फंडाने उत्पन्नवाटप थांबवलं आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभार. कसलं सहकार्य? तिला कुणी विचारलं होतं?

शिल्लक संपली. नोव्हेंबरपासून नाशिकला पैसे जाताना माझ्या तोंडात सुनेत्राचं कार्ड नसायचं. आशुतोषचं असायचं. तो कार्ड घालायचा, ती खिडकीबाहेर बघायची. फोनवर गुरुनाथराव दर वेळी विचारायचे, "हे तुझेच ना गं?" ती म्हणायची, "माझेच, बाबा."

मग वर्ष पालटलं. करोनाच्या त्या दिवसांत घरी एकाच पाहुण्याला परवानगी होती. ती एक पाहुणी म्हणजे चैत्राली, दोन गल्ल्या सोडून राहणारी मैत्रीण. ती आइंडहोवनच्या एका कंपनीत हिशेब बघते. चहा घेता घेता सुनेत्राने तिला फंडाचं रडगाणं सांगितलं. चैत्रालीने कप खाली ठेवला.

"अगं, तुम्हाला रूलिंग आहे ना? मग करमुक्त फंड घेतलास कशाला?"

"म्हणजे?"

"रूलिंग असलं आणि रिटर्न भरताना त्याची सूट मागून घेतली, तर घरच्या बचतीवर इथे कर लागतच नाही. तुम्ही घेताच ना ती दरवर्षी?"

"हो, आशुतोष घेतो."

"मग झालं तर. करमुक्त फंड व्याज कमी देतात, कारण घेणाऱ्याचा कर वाचतो. कर वाचतो म्हणून लोक कमी व्याज चालवून घेतात. तुझा कर वाचलाच नाही, बाई. तो नव्हताच मुळी. छपराखाली उभी राहून छत्री विकत घेतलीस तू."

सुनेत्रा हसली नाही. जिन्याकडे बघून तिने हाक मारली, "आशुतोष, खाली ये."

तो आला. चैत्रालीने तेच पुन्हा सांगितलं. "मी विचारलं होतं त्याला," तो एवढंच म्हणाला. "विचारलं होतं, सुनेत्रा."

"हो. आणि मी तुला गप्प बस म्हणून खूण केली होती. मला वाटलं, तुला माझे पैसे गुंतवू द्यायचे नाहीत."

इथपर्यंत प्रश्न फक्त पैशाचा होता. गेला असता, परत आला असता. पण एप्रिलमध्ये नाशिकला बँकेतून पैसे काढायला जयंतीबाई गेल्या आणि येऊन सहज म्हणाल्या, "जावईबापूंकडून आले बरं का आजोबा, पासबुक भरून घेतलं तर त्यांचं नाव आहे." गुरुनाथरावांनी शांतपणे त्यांना महिन्याचा पगार दिला आणि सांगितलं, "उद्यापासून येऊ नका." आणि लेकीचा फोन उचलायचं बंद केलं.

तिकडे दुसरी लाट होती. इथून तिथे विमानं बंद. सुनेत्रा वडिलांच्या शेजारच्या प्रकाशला फोन करत राहिली. त्याच्या घरी सगळे तापाने पडले होते. तो म्हणाला, "ताई, बरं वाटलं की बघतो." त्याला बरं वाटलं तेव्हा गुरुनाथरावांच्या दारात सकाळची दुधाची पिशवी तशीच पडलेली होती. म्हातारा सकाळी न्हाणीघरात घसरला होता. संध्याकाळी सापडला. मांडीचं हाड खुब्यातून मोडलं होतं.

टेबलावरच्या फोनमधून हे सगळं मी ऐकलं. शलाकाने विचारलं, "ममा, आजोबा ओके?" आईने लॅपटॉप उघडला, माझ्या तोंडात तिचं कार्ड घातलं आणि फंड विकला. भाव पडलेला होता. लवकर काढल्याचा दंड वेगळा. मी कोड दिला. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपले सेल संपले असते तर बरं झालं असतं. पण ऑपरेशनला पैसे हवे होते.

जयंतीबाई परत आल्या. बोलवावंही लागलं नाही. गुरुनाथराव आता अंथरुणावरून उठत नाहीत. त्यांनी पहिल्यांदा फोन घेतला तेव्हा विचारलं, "या वेळचे तुझेच ना?" ती म्हणाली, "फ्लॅटचे आहेत, बाबा. माझेच." ते म्हणाले, "बरं." एवढंच. आता ते पैसे महिन्याला कमी होतात. उत्पन्न असं काही उरलंच नाही. सुनेत्रा पहाटे सायकलने जाऊन एका गोदामात लोकांच्या किराण्याच्या पिशव्या भरते.

तिने तुम्हाला फोन केला होता. आठवतो? तुमचा माणूस म्हणाला, "मॅडम, फंड ने तो टॅक्स बचाया ना?"

"कौनसा टॅक्स?" तिने विचारलं.

तो म्हणाला, "देखिए, हमने सलाह नहीं दी थी, जानकारी दी थी." आणि फोन ठेवला.

मित्रांनो, माझं काम आता फोनमधलं अ‍ॅप करतं. मी ड्रॉवरमध्ये रबरबँडांसोबत पडून असतो. माझ्यासारखी जुनी यंत्रं गोष्ट संपवताना म्हणतात, आम्हाला जपा, टाकून देऊ नका. मी तसं म्हणणार नाही. खुशाल टाका. पण कुणी समोर बसून 'करमुक्त' म्हणालं, तर कार्ड काढायच्या आधी त्याला विचारा, 'माझ्यावर हा कर आहे का?' तो विषय बदलेल, हात झटकेल, आणखी एक थालीपीठ मागेल. देऊ नका.

आणि तुम्ही, काचेआडचे. मला प्रश्न विचारायची सोय कारखान्याने ठेवलेली नाही. तुम्हाला तोंड होतं. समोरचा माणूस स्वतःहून सांगत होता, ते तुम्ही ऐकून घेतलं नाहीत. रूलिंग असलेल्या घरात या फंडाचा काही उपयोग नाही, हे तुम्हाला माहीत नव्हतं, की माहीत असून तुम्ही विकलात? दोहोंपैकी एक असणार. सुनेत्रा दर सोमवारी फोन लावते आणि तुम्ही तिला होल्डवर ठेवून संगीत ऐकवता. ते बंद करा. फोन उचला आणि सांगा, दोहोंपैकी कोणतं?