लहान मुलांच्या बाणांचं कलम

टेबलावर चोवीस गठ्ठे होते, प्रत्येकात पन्नास बाण. शिवाय एकोणीस सुटे, पण त्यांतल्या तीन बाणांची पिसं वाकडी चिकटली होती. सगळे अखंड पाइनच्या लाकडाचे, पुढे रबरी टोपी, मागे तीन पिसं. लहान मुलांनी समर कॅम्पमध्ये गवताच्या चकतीवर मारायचे बाण.

हाउन्सलोच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधलं हे युनिट पुरुषोत्तमकाकांचं. ते माझ्या बाबांचे मित्र. तीस वर्षं हीथ्रोवर फिटर होते, रिटायर झाल्यावर लाकडी खेळणी करू लागले. मी फिजिक्सची पदवी घेऊन बाहेर पडले तेव्हा मेडनहेडच्या एका फायनान्स कंपनीत मला नोकरी मिळाली होती. ऑगस्ट २००८ मध्ये, सुरू व्हायच्या आधीच, ती त्यांनी परत घेतली. तेव्हापासून मी काकांकडे मोजमापाचं काम बघत होते.

बाण ज्याच्यासाठी केले होते तो अमेरिकेतल्या व्हरमाँटचा वॉल्टर नावाचा व्यापारी. सोमवारी त्याचा फोन आला. त्याच्याकडे बाणाच्या दांड्यावर एक कर आहे, आणि छोट्या बाणांच्या बाबतीत तो कर बाणाच्या किमतीपेक्षा जास्त होतो. आयात करणाऱ्याने तो भरायचा, म्हणून वॉल्टर महिनाभर ऑर्डर पक्की करत नव्हता. आता म्हणाला, कर गेला. कधी? शुक्रवारी. कसा? बँका वाचवायचा कायदा झाला ना, त्यात.

काकांनी फोनवर हात ठेवून मला विचारलं, "बँका बुडतायत म्हणून पोरांचे बाण स्वस्त केले?"

मला माहीत नव्हतं. वॉल्टरलाही माहीत नव्हतं. मी तो कायदा इंटरनेटवरून उतरवून घेतला. साडेचारशेच्या आसपास पानं. अब्जावधी डॉलरच्या कलमांनंतर पुढे रम आली, मग लोकर, मग मोटारींच्या शर्यतींचे ट्रॅक, आणि कलम पाचशे तीनमध्ये खरोखरच लहान मुलांचे लाकडी बाण. मी मागची दहा पानं वाचली, पुढची दहा वाचली, पण बाण तिथे कुठून आले ते समजलं नाही. अटी मात्र स्पष्ट वाटल्या. दांडा अखंड नैसर्गिक लाकडाचा हवा, थर चिकटवलेला नको. तयार बाणाचा व्यास पाच सोळांश इंच किंवा कमी, म्हणजे ७.९४ मिलिमीटर. शिवाय तो बाण तीस पौंड किंवा जास्त ताणाच्या धनुष्याला 'योग्य' नसावा. योग्य कोण ठरवणार, ते लिहिलेलं नव्हतं.

वॉल्टरचं म्हणणं सोपं होतं. सगळ्यांत जाड बाणाचा व्यास लेखी कळवा. मर्यादेत असेल तर गुरुवारच्या व्हॅनने माल पाठवा, नसेल तर पाठवू नका. हा माल गेला नाही तर युनिटची किल्ली परत द्यायची, हे काकांनी अर्चनाकाकूंना आधीच सांगून ठेवलं होतं.

बुधवारी मी मोजायला आले तर जाडी मोजायचा मायक्रोमीटर जागेवर नव्हता. तो लेथशेजारी पाटावर होता, पटाशी, रंधा आणि ड्रिलच्या रांगेत. प्रत्येकाला हळदीकुंकू, प्रत्येकावर एक शेवंती. खंडेनवमी होती.

मी म्हटलं, काका, आजच मोजायला हवं. ते म्हणाले, आज हत्याराला हात लावायचा नाही, उद्या उत्तरपूजा झाली की ने. मी म्हटलं, हे हत्यार कुठे आहे, याने काही कापत नाहीत.

"अगं, तुझं तेच हत्यार," ते म्हणाले. "तुला पटाशी दिली तर बोट कापून घेशील."

काकू हसल्या. रेडिओवर इथल्या सरकारने सकाळीच जाहीर केलेल्या बँकांच्या मदतीची बातमी चालू होती. काकांनी आवाज वाढवला आणि मला म्हणाले, ऐक, यांच्यात बाणांचं काही येतंय का.

दसऱ्याला सकाळी काकूंनी अक्षता टाकून पाट हलवला आणि मी मोजायला बसले. पहिला बाण ७.९७. दुसरा ७.९६. पहिल्या गठ्ठ्यातला प्रत्येक बाण मर्यादेच्या वर. काका शेजारी उभे होते. त्यांनी दुसऱ्या गठ्ठ्याचे आकडे बघितले, चष्मा काढला आणि खोक्यांवरची पत्त्याची लेबलं नखाने सोडवायला लागले.

"अहो, थांबा की," काकू म्हणाल्या. "घासून बारीक होत नाहीत का?"

"बाराशे? व्हॅन येईपर्यंत?"

काकांचा लेथ मी ओळखत होते. तो फार तर शंभरात पाचसात काड्या जाड काढतो, पण सगळ्याच्या सगळ्या नाही. लाकूड असं एकमताने फुगत नाही. दमट हवा म्हणावी, तर वाकड्या पिसांचे तीन बाण मी सोमवारीच मोजले होते. तेच परत मोजले. तिन्ही पाच शतांशांनी वाढले होते, आणि तिन्ही सारखेच.

मग मी मायक्रोमीटर नुसताच बंद केला, मध्ये काहीही न ठेवता. शून्य यायला हवं होतं. ०.०५ आलं.

दिव्याखाली धरलं तेव्हा जबड्याच्या आतल्या बाजूला वाळलेला लाल डाग दिसला. काकांनी पूजा मनापासून केली होती, कुंकू पाण्यात कालवून.

मी स्पिरिटची बाटली उघडली. काकू पटकन म्हणाल्या, देवाचं कुंकू आहे ग, स्पिरिटने कसं पुसतेस? मी थांबले. मला खरंच कळेना की पुसावं की पाच शतांश वजा करून लिहावं. पण डाग सगळीकडे सारखा जाड असेल याची खात्री नव्हती, आणि वॉल्टरला लेखी द्यायचं होतं.

काकांनी लेबलं सोडली. माझ्या हातून मायक्रोमीटर घेतला, आधी कपाळाला लावला, मग बोटाने कुंकू खरवडून स्वतःच्या कपाळावर ओढलं. उरलेलं स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं, दोनदा.

"आता मोज," ते म्हणाले.

जबडे बंद केल्यावर ०.०० आलं. मी पहिल्या गठ्ठ्यापासून सुरुवात केली. काका एकेक बाण हातात देत होते आणि काकू मोजलेले बाण पुन्हा बांधत होत्या. चोविसावा गठ्ठा संपला तेव्हा बाहेर व्हॅन येऊन उभी होती.

सर्वांत जाड बाण: ७.९३ मिलिमीटर.