भीमाबाईंच्या हातातला माइक

“सुजाता, माहा आवाज कुठं गेला वं?”

सासूबाईंनी अंधारात एवढ्या मोठ्यानं विचारलं की पुढच्या रांगेतली दोन डोकी मागं वळली. मी मांडीवरच्या टीनाला थोपटत म्हटलं, “आई, हळू बोला. सिनेमा चालू आहे.”

पडद्यावर त्याच होत्या. कारखान्यालगतच्या खुर्सीपार वस्तीतल्या आमच्या दारात, पांढरं लुगडं नेसून, खाली मान घालून तांदूळ निवडत होत्या. मागं धूर. कितीतरी वेळ तेवढंच. हा सिनेमा करणाऱ्या अनुजाताई पुण्याहून येऊन आठवडाभर आमच्याकडे जेवल्या, आणि ते सगळे दिवस सासूबाई कॅमेऱ्यापुढं बोलत होत्या. गेलेल्या थोरल्या लेकाचं, राजदीपभाऊजींचं, पाळण्यापासूनचं सारं सांगितलं. आणि दर वेळी शेवटी एकच: कारखान्यात अपघात झाला त्या दिवशी माझा लेक ड्यूटीवर होता. ठेकेदार म्हणतो, सुट्टीवर होता, आपल्या मनानं आत शिरला. खोटं आहे. सुपरवाइजर स्वतः बोलवायला घरी आला होता. भाऊजी अर्ध्या जेवणावरून उठून गेले.

सिनेमात यातलं एक अक्षर नव्हतं.

“आजी, तुमचं गप्प बसणं शब्दांपेक्षा जास्त बोलतं,” असं अनुजाताई दुपारी त्यांना म्हणाल्या होत्या. तेव्हा मला वाटलं, कौतुक आहे.

सासूबाईंनी तरीही धीर सोडला नव्हता. फिल्म संपली की दर्शकांशी संवाद, असं दारावरच्या बॅनरवर होतं. मीच त्यांना वाचून दाखवलं होतं. “मंग तवा सांगीन,” त्या पुटपुटल्या. “इतके शिकलेले लोक बसून हायेत. कोनी तं आयकन.”

मला नेमकी त्याचीच धास्ती. माझा नवरा विक्की आता त्याच ठेकेदाराकडे लागलाय, भावाच्या जागी. सकाळी शिफ्टला निघताना म्हणाला, “आईले माइक भेटू देऊ नको. ठेकेदाराचा मानूस येऊन राहिला तिथं. उद्या माहा गेटपास अडकवला तं पोरीले काय चारशीन, सिनेमा?” हॉलमध्ये शिरल्यापासून मी पडद्यापेक्षा माणसंच बघत होते. फोन वर धरलेला प्रत्येक जण मला तोच वाटत होता.

दिवे लागले. टाळ्या झाल्या. सूत्रसंचालकानं ‘भीमाबाई’ असं नाव पुकारून सासूबाईंना मंचावर बोलावलं. टीनाला काखेत घेऊन मीही मागोमाग गेले. त्यांना हिंदी समजावून सांगायला, असं म्हटलं.

पहिल्यांदा दाढीवाले एक सर उठले. “अम्मा की वो सफ़ेद साड़ी... एक विधवा का पूरा सूनापन उसमें उतर आया है.” माना डोलल्या. अनुजाताईही डोलल्या.

सासूबाईंनी माइक दोन्ही हातांनी धरला.

“कोन विधवा?”

डोलणाऱ्या माना थांबल्या.

“ये हमारा विहार का लुगड़ा है बेटा. चौदा अप्रैल को पहनते हम लोग. शूटिंगवाले आ रहे बोले, तो अच्छावाला निकाली. और मरद मेरा जिंदा है. थो काय बसला मांगं! अवो, उभे राहा ना जरासे!”

शेवटच्या रांगेतून माझे सासरे, बाबा, उठले. कानटोपी काढून, कावरेबावरे होऊन त्यांनी हात जोडले, “जय भीम.”

हॉलभर हशा पिकला. फोन वर झाले. दाढीवाले सर सगळ्यांत जास्त हसले. अनुजाताईंचा चेहरा लाल झाला, मग त्याही हसल्या.

“यही तो संवाद है!” सूत्रसंचालक म्हणाला.

“रुको ना,” सासूबाई म्हणाल्या. “मले तं दुसरंच सांगायचं हाय. माहा लेक त्या दिवशी...”

पुढचं टाळ्यांत गेलं. पुढच्या फिल्मची वेळ झाली होती. सूत्रसंचालक माझ्याकडे वाकला. तसा भला मुलगा होता. “अम्मा कुछ और कहना चाहती हैं?”

तिसऱ्या रांगेत एक माणूस हसत नव्हता. फोन उभा धरून होता.

“नहीं,” मी म्हटलं. “हो गया उनका.”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, अनोळखी बाईकडे पाहावं तसं. मग माइक टेबलावर ठेवला, आवाज होऊ नये इतका हळू.

बाहेर एका मुलीनं त्यांच्या गळ्यात हात टाकून सेल्फी काढला. “दादी, आप कितनी क्यूट हो!”

बाबा सायकलनं पुढं निघाले. आम्ही ऑटो केला. गाणं मोठ्यानं लागलं होतं. सासूबाई पुढं वाकून चालकाला म्हणाल्या, “भैया, मेरा लड़का उस दिन ड्यूटी पे था.”

“कहाँ उतरना है, अम्मा?”

“खुर्सीपार,” मी सांगितलं.

मग त्यांनी तोंड बाहेर वळवलं आणि वाऱ्यात, आपल्या बोलीत, पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. थाळीत भात होता. दारात हाक आली. लेक उठला.

टीना जागी झाली, आजीचा पदर ओढायला हात पुढं केला. मी तिचा हात धरून ठेवला.